पिलाटीज: हलणारा पाय आणि न हलणारी कंबर

प्रश्न असा आहे: पिलाटीज म्हणजे नेमके काय, योगासनांपेक्षा ते वेगळे कसे, त्याने वजन उतरते का, पाठदुखी थांबते का आणि मशीन नसेल तर घरी सुरू करता येते का?

शेवटच्या भागापासून सुरुवात करू. घरी सुरू करता येते. एक जाड मॅट, एक टॉवेल आणि भिंत एवढे पुरते. पाठदुखीत बऱ्याच जणांना उतार पडतो, सगळ्यांना नाही. वजनासाठी मात्र एकट्या पिलाटीजवर भिस्त ठेवू नका.

आता ते आहे काय ते पाहू. पिलाटीज हा ताकद आणि ताबा या दोन्हींचा व्यायाम आहे. पाय किती उंच गेला, किती वेळा गेला, हे इथे दुय्यम असते. पाय हलत असताना कंबर जागची सरकली का, बरगड्या वर उचकल्या का, मान ताठली का, हे आधी पाहायचे. पाहणाऱ्याची नजर हलणाऱ्या पायावर जाते, पण खरे काम न हलणाऱ्या धडात चालू असते. एवढे एक ध्यानात राहिले तर पुढचे सगळे व्यायाम आपोआप उलगडतात, आणि व्हिडिओ लावून महिनोन्महिने केलेला व्यायाम अंगी का लागला नाही तेही कळते.

ही पद्धत जोसेफ पिलाटीज या जर्मन माणसाची. जन्म 1883 चा. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी हैराण झालेला मुलगा. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता आणि शत्रुदेशाचा नागरिक म्हणून आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत नजरकैदेत पडला. तिथे खाटांच्या स्प्रिंगा काढून त्याने पहिली उपकरणे केली, ही गोष्ट फार रंगवून सांगितली जाते. ती बाजूला ठेवली तरी स्प्रिंगांचा ताण वापरणारी उपकरणे हीच त्याची खरी कमाई. 1926 मध्ये तो अमेरिकेला गेला आणि पत्नी क्लारासह न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओ चालवू लागला. दुखापत झालेले नर्तक त्याच्याकडे येत. आपल्या पद्धतीला तो ‘कंट्रोलॉजी’ म्हणे. 1945 च्या त्याच्या पुस्तकात मॅटवरचे 34 व्यायाम क्रमाने दिले आहेत. तो 1967 मध्ये वारला. पिलाटीज हे नाव त्यानंतर रुळले. 2000 मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयाने हे नाव कोणाच्या मालकीचे नाही असा निकाल दिला. त्यामुळे आज त्या नावाखाली उत्तम शिकवणाराही भेटतो आणि चार दिवसांत शिकून आलेलाही.

योगासनांशी तुलना हमखास होते. आसनात आपण एका स्थितीपर्यंत जातो आणि तिथे थांबतो. पिलाटीजमध्ये थांबणे कमी; 5 ते 10 आवर्तने होतात, हालचाल सलग चालते आणि प्रत्येक टप्प्याला श्वास बांधलेला असतो. श्वासाची जागाही वेगळी. पोट फुगवून घेतलेला खोल श्वास इथे चालत नाही, कारण पोट सैल सोडले की कंबरेचा आधार गेला. म्हणून श्वास बरगड्यांच्या दोन्ही कडांना आणि पाठीत घ्यायचा. दोन्हींत श्रेष्ठ कोणते, हा वाद निरर्थक आहे. शरीर आधीच फार लवचीक असेल, सांधे सैल असतील, तर पिलाटीजचा फायदा जास्त होतो, एवढे मात्र म्हणता येते.

आता मॅटवर या. मॅट 10 ते 15 मिलिमीटर जाड असावी. योगासनांची 4 ते 6 मिलिमीटरची पातळ मॅट इथे बोचते, कारण कित्येक व्यायामांत एकेक मणका टेकवत लोळायचे असते.

पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, पावले जमिनीवर, दोन पावलांत नितंबांच्या हाडांएवढे अंतर. दोन्ही तळवे ओटीपोटावर असे ठेवा की अंगठे बेंबीखाली एकमेकांना टेकतील आणि तर्जनी खाली जांघेच्या मधल्या हाडावर जुळतील. तळहातांची मनगटाकडची बाजू कंबरेच्या पुढच्या दोन टोकदार हाडांवर येईल. हा झाला त्रिकोण. आता कंबर मॅटवर दाबा: त्रिकोण छातीकडे कलतो. कंबरेची कमान करा: त्रिकोण पायांकडे कलतो. दोन्हींच्या मधोमध, जिथे त्रिकोण जमिनीला समांतर राहतो, ती तुमची ‘न्यूट्रल’ स्थिती. कंबरेखाली थोडी पोकळी राहते, ती राहू द्या. नितंब मोठे असतील तर ही पोकळी जास्त दिसते. तेवढ्यावरून कमान झाली असे समजू नका, त्रिकोणच पाहा.

त्याच जागी बोटे थोडी सरकवा. कंबरेच्या टोकदार हाडापासून दोन-तीन सेंटिमीटर आत आणि तेवढेच खाली बोटांची टोके रुतवा. ‘स्स्स’ असा बारीक आवाज करत श्वास सोडा. बोटांखाली काहीतरी हळूच ताणल्यासारखे, कापड घट्ट झाल्यासारखे लागेल. हा पोटाचा सर्वांत आतला आडवा स्नायू, जो पट्ट्यासारखा कंबरेभोवती फिरतो. बोटे जोरात बाहेर फेकली गेली तर समजा, वरचे मोठे स्नायू धावून आले, म्हणजे जोर जास्त लागला. पूर्ण ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा ताण बस्स होतो.

इथे पहिली मोठी चूक होते. ‘बेंबी पाठीला चिकटवा’ हे वाक्य ऐकून लोक पोट इतके आत ओढतात की श्वासच अडतो. वरती श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, भोवती आडवा स्नायू आणि मागे मणक्यांलगतचे बारीक स्नायू अशी ही चौघांची जोडणी आहे. श्वासाबरोबर तिने थोडे खालीवर व्हायलाच हवे. श्वास रोखून पोट आवळले की दाब खाली जातो. ज्यांना खोकताना-शिंकताना लघवीचा थेंब सुटतो, त्यांचा त्रास याने वाढतो. व्यायाम करता करता सहज आकडे मोजता येत असतील तर जोर बरोबर आहे.

श्वासाचा सराव टॉवेलने करा. टॉवेल छातीच्या खालच्या बरगड्यांभोवती गुंडाळून टोके समोर हातांत धरा. श्वास घेताना टॉवेल दोन्ही बाजूंना ताणला गेला पाहिजे, खांदे कानांकडे सरकता कामा नयेत. सोडताना बरगड्या आत आणि खाली मिटतात. बरगड्या मिटणे आणि पोटाचा पट्टा आवळणे या दोन गोष्टी एकदमच घडतात, म्हणून जड काम बहुधा श्वास सोडताना करायचे. पहिला आठवडा फक्त त्रिकोण आणि टॉवेल केले तरी तो वाया जात नाही. लोकांना हे कंटाळवाणे वाटते आणि ते थेट ‘हंड्रेड’वर उडी घेतात.

‘हंड्रेड’ हा मूळ क्रमातला पहिला व्यायाम. पाठीवर झोपून पाय टेबलटॉपमध्ये घ्यायचे, म्हणजे जांघेत 90 अंश आणि गुडघ्यात 90 अंश. श्वास सोडत डोके आणि छातीचा वरचा भाग उचलायचा, इतका की खांद्याच्या पात्यांची खालची टोके तेवढी मॅटला लागून राहतील. हात शरीरालगत लांब, मॅटपासून थोडे वर, आणि खांद्यातून साधारण 15 सेंटिमीटर खालीवर हलवायचे. पाच ठोक्यांत श्वास आत, पाच ठोक्यांत बाहेर. अशी दहा चक्रे, म्हणून शंभर. सुरुवातीला तीन-चार चक्रे पुरतात.

यात पोटाआधी मान दुखते. कारण बहुतेक जण हनुवटी छताकडे फेकून डोके उचलतात. मग चार-पाच किलोचे डोके मानेच्या पुढच्या पट्ट्यांना लटकते. आधी हनुवटी किंचित आत घ्या, जणू हनुवटी आणि गळा यांच्यात लिंबू धरले आहे, मग छातीच्या हाडातून वळत वर या आणि नजर मांड्यांवर ठेवा. तरीही मान दुखत असेल तर डोके खाली ठेवूनच हात हलवा. त्यात कमीपणा काही नाही. दुसरी चूक म्हणजे चित्रात पाहून पाय सरळ खाली सोडणे. मांडी उचलणारा खोलवरचा स्नायू थेट कंबरेच्या मणक्यांना जोडलेला असतो. पाय जितके खाली आणि लांब, तितकी त्याची ओढ जास्त. पोटाने तेवढा जोर लावून धरला नाही तर तो मणके पुढे खेचतो आणि कंबरेची कमान होते. मॅट आणि कंबर यांच्यातली पोकळी वाढली, त्या क्षणी पाय वर घ्या. तुमच्या पायांची उंची तुमची कंबर ठरवते.

तिसरी खूण पोटावर दिसते. डोके उचलताना पोटाच्या मधोमध, बेंबीच्या रेषेत, घराच्या आढ्यासारखा उंचवटा येतो का ते पाहा. येत असेल तर आतला पट्टा मागे पडला आणि दाब पोटाच्या मध्यरेषेतल्या पडद्यावर चालला आहे. बाळंतपणानंतर हे फार दिसते. अशा वेळी डोके उचलणारे व्यायाम थांबवून पाठीवर झोपूनच एकेक टाच सरकवणे, एकेक पाय उचलणे, इथून सुरुवात करावी.

‘ब्रिज’ सोपा दिसतो आणि तिथेच फसवतो. पाठीवर, गुडघे वाकलेले. श्वास सोडत आधी माकडहाड वळवायचे, मग कंबर, मग पाठ, एकेक मणका सोलून काढल्यासारखी वर न्यायची. वर एक श्वास घ्यायचा आणि उतरताना उलटा क्रम: छातीमागचा भाग आधी टेकतो, माकडहाड शेवटी. आठ ते दहा वेळा. हळू उतरा म्हणजे कळेल की कंबरेचे तीन-चार मणके एकदमच, धप्पकन टेकतात. तीच तुमची आखडलेली जागा. तिथे गती निम्मी करा. मांडीच्या मागे गोळा आला तर पावले नितंबांपासून फार दूर आहेत किंवा नितंबांचे स्नायू कामाला लागलेलेच नाहीत. टाचा जवळ घ्या आणि टाचांनी जमीन दाबा. आणि फार उंच जाऊ नका. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एक तिरकी रेषा झाली की बस्स. त्यावर गेलात तर बरगड्या उचकतात आणि भार कंबरेवर येतो.

कुशीवरचे व्यायाम लोक टाळतात, पण नितंबाच्या कडेच्या स्नायूला यासारखे काम दुसरे नाही, आणि चालताना, एका पायावर उभे राहताना कंबर समतोल ठेवतो तो हाच. इथे भिंत कामी येते. भिंतीला पाठ लावून कुशीवर झोपा, डोके, पाठ आणि नितंब भिंतीला टेकलेले, खालचा गुडघा वाकलेला. वरचा पाय सरळ, टाच भिंतीला लागलेली, बोटे समोर. टाच भिंतीवरून घसरवत पाय उचला. तीसेक अंशांपलीकडे बहुतेकांचा पाय जातच नाही, आणि हीच खरी उंची. भिंत नसताना पाय जो साठ अंश जात होता, तो वरची कंबर मागे लोळवून जात होता. आठ-दहा आवर्तनांत नितंबाची कड जळजळली पाहिजे. जळजळ मांडीच्या पुढे जाणवली तर पाय पुढे सरकला आहे.

पालथे झोपून करायचे व्यायाम मात्र कधीही वगळू नका. बैठ्या कामात पाठ दिवसभर पुढे वाकलेली असते. त्यात पोटाचेच व्यायाम केले तर आणखी वाकण्याची भर पडते. कपाळाखाली घडी केलेला टॉवेल, हात शरीरालगत. जांघेचे मधले हाड मॅटमध्ये हलके दाबा, डोक्याचा माथा पुढे लांब न्या, मग छाती चार बोटे उचला. नजर खालीच. कंबरेत चिमटा बसला तर याचा अर्थ छातीमागची पाठ हललीच नाही आणि कंबरेने तिचे काम केले. उंची निम्मी करा. पाच-सहा वेळा पुरे.

‘रोल-अप’, म्हणजे झोपलेल्या स्थितीतून वळत उठून बसणे, हा व्यायाम मध्येच अडतो. मग लोक झटका देतात, पाय उडतात. पोट कमजोर आहे म्हणून असे होते, हा समज अर्धाच खरा. कंबर वळत नसेल तर मजबूत पोटालाही तिथे रस्ता मिळत नाही. उलटे करा: बसलेल्या स्थितीतून, गुडघे वाकवून, हातांनी मांडीमागे धरून अर्ध्यापर्यंत मागे वळा आणि परत या. उठायचे नंतर येते.

फायद्यांबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण जाहिराती फार बोलतात. धडाच्या स्नायूंचा दम, तोल, लवचीकता आणि शरीराची बसण्या-उभे राहण्याची ठेवण यांत नियमित सरावाने फरक पडतो. कॉक्रेन ही संस्था एका विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. जुनाट कंबरदुखीबद्दल तिच्या 2015 च्या आढाव्याचा निष्कर्ष असा: काहीच न करण्यापेक्षा किंवा अगदी जुजबी उपचारापेक्षा पिलाटीजने दुखणे कमी होते, पण इतर व्यायामांहून ते वरचढ आहे असे ठामपणे म्हणता येत नाही. म्हणजे तुम्हाला चालणे, पोहणे, वजने यांतले जे नियमाने जमते तेही चालेल. पिलाटीजची जमेची बाजू ही की दुखण्याला घाबरलेला माणूस इथे लहान, ताब्यातल्या हालचालींपासून सुरुवात करू शकतो.

वजनाचे गणित करून पाहा. मॅटवरच्या साध्या पिलाटीजची तीव्रता सुमारे 3 मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसून जेवढी ऊर्जा लागते तिच्या सुमारे तिप्पट. 60 किलोच्या व्यक्तीने 45 मिनिटे केले तर साधारण 135 किलोकॅलरी खर्च होतात. तेवढा वेळ भरभर चालले तर याहून जास्त. हृदय-फुप्फुसांच्या दमासाठीही तेच: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला मध्यम तीव्रतेचा 150 ते 300 मिनिटे व्यायाम आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पिलाटीज या दुसऱ्या खात्यात थोडी भर घालते, पहिले खाते चालण्या-पळण्यानेच भरायचे. ‘स्नायू लांब आणि सडपातळ होतात’ हेही सोडून द्या; स्नायू हाडांना जिथे जोडलेला आहे ती जागा व्यायामाने बदलत नाही. ताठ उभे राहिल्याने माणूस उंच दिसतो, ते वेगळे.

मशीनचा, म्हणजे रिफॉर्मरचा, प्रश्न उरतो. चौकटीत रुळांवर सरकणारा पलंग, त्याला चार-पाच स्प्रिंगा, एका टोकाला पाय ठेवायचा दांडा, दुसऱ्या टोकाकडून येणारे पट्टे. नवख्यांसाठी तो मॅटपेक्षा बरेचदा सोपा, कारण स्प्रिंग आधार देते. पण जास्त स्प्रिंगा म्हणजे अवघड, हा हिशेब तिथे नेहमी लागू होत नाही. पायांनी दांडा ढकलताना जास्त स्प्रिंगा जड जातात, हे खरे. मात्र प्लँकसारख्या स्थितीत, म्हणजे हातापायांवर शरीर फळीसारखे ताठ धरून, हात दांड्यावर आणि पाय पलंगावर असताना स्प्रिंग कमी केली की पलंग निसटू पाहतो आणि पोटाची कसोटी लागते. स्प्रिंगांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून एका ठिकाणचा ‘लाल’ दुसरीकडे गृहीत धरू नका. पलंग पूर्ण जागेवर येऊन टेकल्याशिवाय चढू-उतरू नका, आणि चौकट व पलंग यांच्या फटीत बोटे जाऊ देऊ नका. या चढ-उतारातही दुखापत होण्यासारखी असते.

काहींनी आधी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारावे. हाडे ठिसूळ झाली असतील तर पाठ पुढे गोल करून भार देणारे व्यायाम, म्हणजे रोल-अप आणि पाठीवर चेंडूसारखे लोळणे, टाळायचेच. त्याने मणक्याचा पुढचा भाग दबून मोडू शकतो. ब्रिजही मग पाठ न वळवता, सरळ उचलून करावा. चकती सरकल्याने पायात कळ जात असेल तर सध्या हेच व्यायाम बंद. काचबिंदू असेल तर डोके खाली, पाय वर असे काही करू नये. रक्तदाब जास्त असेल तर श्वास रोखू नये. गरोदरपणात चौथ्या महिन्यानंतर फार वेळ उताणे राहू नये, कारण वाढलेले गर्भाशय मोठ्या रक्तवाहिनीवर दाब देते. कुशीवरचे आणि हात-गुडघे टेकून करायचे व्यायाम तेव्हा बरे. व्यायामात स्नायू थरथरला तर चालते, पण सांध्यात टोचले, मुंग्या आल्या, कळ पायात उतरली की थांबायचे.

किती करावे? आठवड्यातून तीन दिवस 25-30 मिनिटे, हे एका दिवशी दीड तास करण्यापेक्षा केव्हाही चांगले. आठ ते बारा आठवडे सलग द्या. शक्य असेल तर पहिले चार-सहा वर्ग माणसासमोर करा, कारण स्वतःची कंबर स्वतःला दिसत नाही. शिक्षक निवडताना त्याचे शरीर पाहू नका. तो समोर करून दाखवत उभा राहतो की फिरून तुमच्याकडे पाहतो, ते पाहा. तुमच्या दुखण्याबद्दल त्याने आधी विचारले का, आणि व्यायाम जमला नाही तेव्हा ‘आणखी जोर लावा’ म्हणाला की सोपा करून दिला, यावरून बरेच कळते.

एकटेच करत असाल तर फोन मॅटच्या उंचीवर, बाजूने लावून एक सेट चित्रित करा. परत पाहताना पाय हाताने झाका आणि फक्त कंबर बघा. ती खालीवर होताना दिसली तर पुढच्या वेळी पाय आणखी थोडे वर.